पांझरेच्या डबक्यातलं पॅरामेशियम

दिवाळी सरली की पांझरेचं पाणी ओसरायला लागतं. फाल्गुनापर्यंत साक्री-धुळ्याकडे नदीपात्रात वाळू, गोटे आणि मधेमधे साचलेली डबकी एवढंच उरतं. काठाला शेवाळ, तळाला कुजणारा पाला, गुरांच्या खुरांनी कालवलेला गाळ. अशा पाण्यापाशी सहसा कुणी थांबत नाही. पण पॅरामेशियम शोधायचं असेल तर स्वच्छ नळाचं पाणी कामाचं नाही, हेच पाणी हवं. जिथे पालापाचोळा कुजतो तिथे जिवाणू वाढतात, आणि जिथे जिवाणू तिथे त्यांना खाणारे.

शाळेत आपण अमीबा, युग्लिना आणि पॅरामेशियम ही नावं एका दमात पाठ केलेली असतात. आकृती काढली, भागांना नावं दिली, मार्क मिळाले, विषय संपला. त्या धड्यातून एक समज मात्र मनात पक्का बसतो, की एकपेशीय म्हणजे साधा, प्राथमिक, अजून पुरता न घडलेला जीव. हा समज चुकीचा आहे. आपल्या शरीरातल्या पेशींनी कामं वाटून घेतली आहेत. स्नायूच्या पेशीला अन्न शोधावं लागत नाही, जठराच्या पेशीला कुठे जावं लागत नाही, आणि चेतापेशीला तर दोन्ही नाही. पॅरामेशियमच्या मागे कुणी नाही. पोहणं, अडथळा ओळखणं, खाणं, पचवणं, आत शिरलेलं पाणी उपसणं, शत्रूला तोंड देणं आणि पुढची पिढी घडवणं हे सगळं एकाच पेशीला करायचं असतं. म्हणून पेशी म्हणून तुलना केली तर ती आपल्या बहुतेक पेशींपेक्षा जास्त गुंतागुंतीची निघते.

आधी ते पाहायचं कसं ते सांगतो, कारण आकृतीवरून त्याची कल्पनाच येत नाही. ज्वारीच्या कडब्याचे बोटभर तुकडे पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचे आणि पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं. मग डबक्याचं थोडं पाणी, काठच्या कुजक्या पाल्यासकट, त्यात मिसळायचं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती सावलीत ठेवायची. काही दिवसांत पाण्यावर पातळ साय धरते. ती जिवाणूंची. तिच्या लगेच खालचं पाणी ड्रॉपरने उचलून काचेच्या बशीत घ्या आणि बशीखाली काळा कागद धरा. पांढरे बारीक ठिपके सरकताना नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, कारण पॅरामेशियम कॉडेटम या जातीची लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास असते.

सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला की खरी अडचण सुरू होते. ते नजरेच्या टप्प्यात थांबतच नाही. वर्गात पहिल्यांदा भिंगाला डोळा लावणारं पोर हमखास विचारतं, "सर, हाई इतलं काबर पयस?" म्हणजे, हे एवढं का पळतं? यावरचा उपाय आपल्या खान्देशात फुकट मिळतो. कापसाचे दोन-चार तंतू विंचरून काचपट्टीवरच्या थेंबात पसरायचे आणि वर झाकणकाच ठेवायची. तंतूंच्या मधल्या जागेत ते अडकतं. मग नीट बघता येतं: लांबट अंग, पुढचं टोक बोथट, मागचं निमुळतं, एका बाजूने तोंडाकडे जाणारी तिरकी खाच, आणि सगळ्या अंगावर सतत हलणारी लव. पुस्तकात या लवेला पक्ष्माभिका म्हणतात. एका पॅरामेशियमच्या अंगावर अशी हजारो लवं असतात, आणि प्रत्येक लव सेकंदाला दहा-वीस वेळा फटका मारते.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. पॅरामेशियम सेकंदाला साधारण एक मिलिमीटर जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चार-पाच पट. हा वेग त्याला फार कष्टाने मिळवावा लागतो, कारण एवढ्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखं लागत नाही. काकवीने भरलेल्या हौदात आपण पोहायला उतरलो तर जे होईल, ते त्याचं रोजचं आहे. हात मारणं थांबवलं की जागच्या जागी थांबायचं, पुढे वाहत जाणं नाहीच. 1977 साली एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने सूक्ष्म जीवांच्या या जगाचं फार सुंदर गणित मांडलं. त्यातून निघणारी एक गोष्ट अशी की अशा जाड पाण्यात हात जसा पुढे नेला तसाच मागे आणला, तर जेवढं पुढे गेलो तेवढंच मागे येतो, निव्वळ प्रगती शून्य. म्हणून लवेचे दोन फटके वेगवेगळे असतात. जोराच्या फटक्याला लव ताठ राहून पाणी मागे लोटते. परतताना ती वाकते आणि अंगालगत घसटत जागेवर येते. शेजारशेजारची लवं एकाच क्षणी हलत नाहीत, एकीमागून एक हलतात, त्यामुळे सगळ्या अंगावरून लाटा सरकताना दिसतात. लवेचा जोराचा फटका सरळ मागे न बसता तिरका बसतो, त्यामुळे पॅरामेशियम स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे जातं.

लवेची आतली बांधणीही पाहण्यासारखी आहे. कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या, मधे दोन नळ्या. हीच बांधणी आपल्या श्वासनलिकेतल्या लवेत आहे, जी धुळीने भरलेला कफ वर ढकलते. शुक्राणूच्या शेपटीतही तीच. डबक्यातला जीव आणि आपण एका फार जुन्या पूर्वजाकडून हे यंत्र घेऊन आलो आहोत.

पुढे जाणं झालं. माझ्या मते पॅरामेशियमची खरी कमाल मागे फिरण्यात आहे. कापसाच्या तंतूला ते धडकलं की क्षणभर उलटं पोहतं, जागेवर थोडं वळतं आणि पुन्हा पुढे निघतं. परत धडकलं तर परत तेच. वाट सापडेपर्यंत हे चालतं. अमेरिकेतल्या हर्बर्ट जेनिंग्ज यांनी या वागण्याचा बारकाईने अभ्यास करून 1906 साली तो पुस्तकरूपाने मांडला. त्यांनी दाखवलं की पॅरामेशियम दिशा निवडत नाही. वाईट लागलं की मागे, थोडं वळण, पुन्हा प्रयत्न, एवढाच नियम. आणि या एका नियमावर ते बरोबर जागी गोळा होतात. कुजणाऱ्या तुकड्याभोवती जिवाणूंच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. पॅरामेशियमला अशा पाण्यात शिरताना काही वाटत नाही, पण त्यातून बाहेर पडताना कडेला ते दचकून मागे फिरतं. परिणाम असा, की शिरलेलं बाहेर जात नाही आणि जेवणाच्या जागी गर्दी होते.

मेंदू नाही, चेता नाही. मग धडक बसल्याची बातमी पुढच्या टोकाकडून अंगभरच्या हजारो लवांना एकदम पोचते कशी? उत्तर वीज असं आहे. पेशीच्या आवरणाच्या आत बाहेरच्या मानाने ऋण विद्युतभार असतो, तीसेक मिलिव्होल्टचा. शिवाय पेशी स्वतःच्या आतलं कॅल्शियम सतत बाहेर काढत असते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर जो पांढरा थर धरतो, त्यातला मोठा भाग कॅल्शियमच्या क्षारांचा. म्हणजे बाहेर कॅल्शियम भरपूर, आत हजारो पटींनी कमी. आवरणात कॅल्शियम आत सोडणारी बारीक दारं असतात, पण ती बंद.

पुढच्या टोकाला धडक बसली की आवरण ताणलं जातं आणि तिथली काही दारं उघडतात. थोडं कॅल्शियम आत येतं, आतला ऋणभार घटतो. हा विद्युतबदल क्षणार्धात सगळ्या आवरणभर पसरतो आणि लवांमधली दुसरी दारं, जी विजेच्या बदलावर उघडतात, ती एकदम उघडतात. आता प्रत्येक लवेच्या आत कॅल्शियम शिरतं आणि तिचा फटका उलटा होतो. गाडी मागे. मग दारं मिटतात, कॅल्शियम उपसलं जातं, लवं पुन्हा सरळ फिरतात. मागच्या टोकाला धक्का लागला तर वेगळी दारं उघडतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं, आतला ऋणभार उलट वाढतो, आणि लवांचा वेग वाढून पॅरामेशियम पुढे पळतं. पुढून शत्रू आला तर मागे, मागून आला तर पुढे. युताका नाइतो आणि रॉजर एकर्ट यांनी 1969 साली हे विद्युतकोडं सोडवलं. आपल्या चेतापेशींतून आणि हृदयाच्या स्नायूतून संदेश जातो तो याच तत्त्वावर, आवरणातली दारं आणि विद्युतभारित कण.

लव उलटवणारं कॅल्शियमच आहे, दुसरं काही नाही, याचा पुरावा ज्या प्रयोगातून मिळाला तो मला फार आवडतो. 1972 साली नाइतो आणि कानेको यांनी साबणासारख्या द्रव्याने पॅरामेशियमचं आवरण छिद्रं पाडून निकामी केलं. पेशी मेली. मग त्या मेलेल्या सांगाड्याला त्यांनी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, दिलं. सांगाडा पोहायला लागला. पाण्यात कॅल्शियम अगदी नगण्य असेल तर पुढे, आणि एका ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर मागे.

1971 मध्ये चिंग कुंग यांनी असे पॅरामेशियम वेगळे काढले ज्यांना मागे फिरताच येत नाही. एका जनुकात बिघाड, विजेवर उघडणारी दारं निकामी. बुद्धिबळात प्यादं मागे येत नाही, म्हणून या वाणाला प्यादं हेच नाव दिलं गेलं. एका जनुकातल्या बदलाने वागणूक बदलते, आणि ती कोणत्या दारामुळे बदलते हेही दाखवता येतं, हे त्या काळात मोठं पाऊल होतं.

पाण्याचं व्यवस्थापनही तसंच विलक्षण. पेशीच्या आत क्षार जास्त, गोड्या पाण्यात कमी. त्यामुळे पाणी आवरणातून सारखं आत झिरपतं. ते उपसलं नाही तर पेशी फुगून फुटेल. त्यासाठी पुढे एक आणि मागे एक अशा दोन आकुंचन पावणाऱ्या पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती गोलाकार मांडलेल्या अरुंद नळ्या पाणी गोळा करून आणतात, पिशवी भरते, आणि एका बारीक छिद्रातून बाहेर रिकामी होते. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं: आधी नळ्या फुगतात, मग मधला गोल वाढतो, आणि एकदम नाहीसा होतो. हे चक्र दहा-वीस सेकंदांत पुरं होतं. अर्ध्या-पाऊण तासात पॅरामेशियम स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाहेर टाकतं. थेंबात अगदी किंचित मीठ मिसळलं तर दोन उपशांमधला वेळ वाढतो, कारण आत येणारं पाणीच कमी होतं. घड्याळ हातात धरून शाळेतल्या मुलांनीही हे मोजावं. उपसा फुकट होत नाही. नळ्यांच्या आवरणातले पंप एटीपी खर्च करून हायड्रोजनचे कण आत ढकलतात, त्या जोरावर पाणी ओढलं जातं.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. खाचेतल्या लवा जिवाणू तोंडाकडे लोटतात, तळाशी त्यांची पुडी बांधली जाते आणि ती पुडी पेशीत ठरलेल्या वाटेने फिरते. आधी तिच्यात तीव्र आम्ल येतं, मग पाचक रस, शेवटी चोथा एका ठरलेल्या जागेतून बाहेर. यीस्ट काँगो रेड नावाच्या रंगात उकळून खायला घातलं तर लाल पुड्या आम्ल येताच निळ्या होतात आणि पुढे परत लाल. पचनाच्या पायऱ्या रंगांत दिसतात.

आता केंद्रकाकडे येऊ, कारण इथे पॅरामेशियमने आपल्यापेक्षा वेगळी वाट धरली आहे. त्याला दोन प्रकारची केंद्रकं असतात. छोटं केंद्रक बियाण्याचं: त्यात पूर्ण जनुकसंच जपून ठेवलेला, पण रोजच्या कामात ते जवळपास मुकं. मोठं केंद्रक कामाचं: पेशीला लागणारी सगळी प्रथिनं त्याच्या आज्ञेने बनतात. आपल्याकडेही प्रजननाच्या पेशी आणि देहाच्या पेशी वेगळ्या असतात. पॅरामेशियमने ही विभागणी एकाच पेशीत केली. मोठ्या केंद्रकात प्रत्येक जनुकाच्या शेकडो प्रती असतात. पॅरामेशियम टेट्राऑरेलिया या जातीत सुमारे आठशे. एवढी मोठी पेशी चालवायला एक-दोन प्रतींवर भागत नाही.

2006 साली या जातीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा जवळपास 40,000 जनुकं सापडली. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं 20,000 च्या आसपास आहेत. याचा अर्थ पॅरामेशियम आपल्यापेक्षा दुप्पट हुशार असा नाही. त्याच्या पूर्वजांमध्ये सबंध जनुकसंचच निदान तीन वेळा दुपटला आणि त्यातल्या बऱ्याच जोड्या टिकून राहिल्या. पण एकपेशीय म्हणजे साधा, या समजाला हा आकडा चांगलाच धक्का देतो. त्याची जनुकलिपीही थोडी निराळी. बहुतेक सजीवांत प्रथिनाचं वाक्य संपवणारे तीन पूर्णविराम असतात. पॅरामेशियममध्ये त्यातले दोन पूर्णविराम नसून ग्लुटामिन या अमिनो आम्लासाठी वापरले जातात. 1985 साली हे कळलं.

मोठं केंद्रक कायमचं नसतं. लैंगिक प्रक्रियेनंतर जुनं मोठं केंद्रक मोडून टाकलं जातं आणि छोट्याच्या प्रतीपासून नवीन बनवलं जातं. बनवताना त्यातून सुमारे 45,000 डीएनएचे तुकडे कापून काढावे लागतात, कारण हे निरुपयोगी तुकडे जनुकांच्या मधेच घुसलेले असतात. एका अक्षराची जरी चूक झाली तरी जनुक वाया. हे कापायचं काम करणारं प्रथिन मुळात डीएनएमध्ये जागा बदलत फिरणाऱ्या घुसखोर तुकड्यांचं होतं. त्या घुसखोराचं हत्यार पॅरामेशियमने आपल्या कामाला लावलं, हे 2009 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं.

कुठे कापायचं हे कसं ठरतं, ते ऐकून मी थक्क झालो होतो. छोट्या केंद्रकाच्या डीएनएवरून आरएनएचे बारीक तुकडे, म्हणजे डीएनएच्या छोट्या नकला, बनतात आणि ते जुन्या मोठ्या केंद्रकाशी ताडून पाहिले जातात. ज्याची जोडी जुन्यात सापडली तो तुकडा ठेवायचा. ज्याची सापडली नाही तो नव्यातूनही काढायचा. म्हणजे मातृपेशीच्या कामाच्या केंद्रकात जे नव्हतं ते मुलाच्याही केंद्रकात नसतं, छोट्या केंद्रकातला डीएनए अक्षरन्‌अक्षर सारखा असला तरी. ट्रेसी सॉनबॉर्न यांनी 1937 साली पॅरामेशियममध्ये जोडी जुळणारे दोन प्रकार शोधले, आणि टेट्राऑरेलियात प्रकार आईकडून मुलाकडे मेंडेलच्या नियमांनी जात नाही हे लवकरच लक्षात आलं. त्याचा उलगडा 2014 साली झाला: एका जनुकाच्या सुरुवातीचा तुकडा कापला गेला तर एक प्रकार, राहिला तर दुसरा, आणि कापायचं की नाही हे याच आरएनएच्या ताळ्यावर.

जोडी जुळते तेव्हा दोन पॅरामेशियम तोंडाच्या बाजूने एकमेकांना चिकटतात. प्रत्येकाचं छोटं केंद्रक विभागतं, त्यातला एक अर्धा वाटा शेजारच्याकडे जातो, एक स्वतःपाशी राहतो, दोन वाटे एकत्र येतात. मग ते सुटतात. गेले दोन, आले दोन. संख्या वाढली नाही, पण दोघांचाही जनुकसंच नवा झाला. संख्या वाढते ती आडव्या विभाजनाने, आणि ती वेगळी गोष्ट आहे. अन्न भरपूर आणि पाणी कोमट असेल तर दिवसाला एक-दोन, काही जातींत त्याहून जास्त विभाजनं होतात.

एकाचे दोन, दोनाचे चार, असं नुसतं विभाजन चालू राहिलं तर एकपेशीय जीव अमर नाही का? पॅरामेशियम अमर नाही. टेट्राऑरेलियाला जोडी किंवा स्वतःतल्या स्वतःत केंद्रक नवं करण्याची संधी मिळालीच नाही, तर दोनेकशे विभाजनांत त्याची संततीच संपते. आधी विभाजन मंदावतं, मग बिघाड वाढतात, मग मृत्यू. हे म्हातारपण मोठ्या केंद्रकाचं असतं. ते नव्याने बनलं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1965 साली जानिन बेसाँ आणि सॉनबॉर्न यांनी काही पॅरामेशियममध्ये लवांच्या काही रांगा उलट्या बसलेल्या पाहिल्या. जनुकं तीच होती. पण मुलांमध्ये त्या रांगा उलट्याच, नातवंडांत उलट्याच, शेकडो पिढ्या उलट्याच. नवी लव जुन्या लवेच्या शेजारी, तिचं तोंड पाहून बसते. म्हणून वारसा फक्त डीएनएतून येत नाही, अंगाच्या मांडणीतूनही येतो.

शेजारपाजार मोठा आहे, त्यातलं थोडंच घेतो. पॅरामेशियम बर्सारिया या जातीच्या पोटात शेकडो हिरवी शैवालं राहतात. उजेडात ती साखर बनवून यजमानाला देतात. काही जातींच्या आवरणाखाली हजारो बारीक भाले गुंडाळलेले असतात. शत्रूचा स्पर्श होताच ते मिलिसेकंदांत सुटतात. डायलेप्टस नावाच्या शिकाऱ्यापुढे ते कामी येतात, डिडिनियमपुढे फारसे नाही, तो पॅरामेशियमला सबंध गिळतो. 1934 साली रशियातल्या गॉस यांनी दोन जातींचे पॅरामेशियम एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवले आणि दाखवलं की एक जात टिकते, दुसरी हटते. परिसरशास्त्राच्या पुस्तकांत आजही तो आलेख असतो.

उरला आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पंचवीस अंशांच्या आसपास पॅरामेशियमचं उत्तम चालतं, पाणी चाळिशीकडे गेलं की ते तग धरत नाही. उथळ डबकं आधी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो, मग ते आटतं. पुष्कळ लोक, काही पुस्तकंही, सांगतात की पॅरामेशियम कवच करून पडून राहतं. तसा खात्रीचा पुरावा नाही. डबकं कोरडं पडलं की त्यातलं पॅरामेशियम मरतं. ते टिकतं ते ओल्या जागी: नदीच्या डोहात, विहिरीत, मेहरूणसारख्या तलावाच्या सावलीतल्या काठाला, धरणाच्या फुगवट्यात, पाटाच्या ओल्या कडेला. तिथून पुराच्या पाण्याबरोबर, खुरांना चिकटलेल्या ओल्या चिखलाबरोबर ते पुन्हा पसरू शकतं. म्हणून बारमाही पाण्याची एखादी लहान जागाही त्याच्या दृष्टीने फार मोलाची. पांझरेवरच्या फड पद्धतीचे, म्हणजे सामुदायिक सिंचनाचे, जुने बंधारे आणि पाट शेतीसाठी बांधले गेले, पण ओल धरणाऱ्या अशा प्रत्येक जागेने या जिवांनाही आसरा दिला असणार.

खरा उन्हाळा काढणारा त्याचाच एक नातलग आहे, कोल्पोडा. आकाराने पॅरामेशियमपेक्षा बराच लहान, एका बाजूला खाच, अंगावर लव. पाणी आटायला लागलं किंवा अन्न संपलं की कोल्पोडा गोल होतो, लव आत घेतो, अंगातलं पाणी टाकतो आणि स्वतःभोवती थरांचं कवच बांधतो. या स्थितीत पोहणं नाही, खाणं नाही. इंग्लंडमध्ये काही दशकं कोरडी साठवून ठेवलेली माती ओली केली तेव्हा तिच्यातून कोल्पोडा जिवंत निघाले होते. आपल्या काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडतात, तेव्हा त्या ढेकळांतही अशी कवचं असतात. मृगाचा पाऊस पडला की काही तासांत ती उघडतात. त्याच सुमारास ओल्या मातीत जिवाणू झपाट्याने वाढलेले असतात, आणि कोल्पोडा त्यांच्यावर तुटून पडतो.

याचा कापसाच्या आणि केळीच्या मुळांशी थेट संबंध आहे. जिवाणूंच्या अंगात नत्र भरपूर असतो, पण तो तिथे अडकलेला. एकपेशीय भक्षक जिवाणू खातात, त्यांना स्वतःला लागतो त्यापेक्षा जास्त नत्र त्यातून मिळतो, आणि उरलेला ते अमोनियमच्या रूपात मातीत टाकतात. ते मुळांना घेता येतं. शेणखतातला नत्र पिकापर्यंत पोचवणाऱ्या साखळीत या पेशींचा हात आहे. मातीच्या आरोग्याबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांचं नाव क्वचितच येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे स्वतः बघायचं असेल तर दोन बरण्या घ्या. दोन्हींत कडब्यासकट उकळून गार केलेलं पाणी. एकीत शेतातली उन्हाने कडक वाळलेली मूठभर माती टाका, दुसरीत काहीच नाही. दोन्ही झाकून सावलीत ठेवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. एक-दोन दिवसांनी मातीच्या बरणीतला थेंब भिंगाखाली धरला तर खाच असलेले लहान, चपळ कोल्पोडा दिसण्याची चांगली शक्यता आहे. पॅरामेशियम सहसा दिसणार नाही, कारण ते कोरड्या मातीतून येत नाही. दुसऱ्या बरणीत यांतलं काही दिसलं, तर झाकण सैल होतं किंवा ड्रॉपर तोच वापरला असं समजा आणि ती बरणी नव्याने लावा. आणि पाहायला फार उशीर करू नका. जिवाणू संपत आले की कोल्पोडा परत कवचात जातो, मग भिंगाखाली न हलणारे गोल तेवढे दिसतात.